प्रोटीन प्युरिफिकेशनमध्ये करिअर करायचे असेल तर आधी मोजायला शिक

डोंबिवलीच्या एका एमएस्सी बायोटेकच्या विद्यार्थिनीने विचारले आहे. शेवटचे सेमिस्टर चालू आहे, डेझर्टेशनमध्ये एक एंझाइम शुद्ध केले आणि ते काम मनापासून आवडले. नवी मुंबईतल्या एका बायोफार्मा कंपनीत क्यूसीमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात, जागा मिळते आहे, पण तिला जायचे होते डाउनस्ट्रीममध्ये, म्हणजे प्युरिफिकेशनमध्येच. गाइड म्हणतात पीएचडी कर, घरचे म्हणतात हातची नोकरी सोडू नको. आणि शेवटी एक शंका: प्रोटीन शुद्ध करणारी आक्टासारखी यंत्रे आता सगळे आपोआप करतात, मग या क्षेत्रात माणसाला करण्यासारखे उरले आहे तरी काय?

माझे केस याच कामात पांढरे झाले. आधी विद्यापीठाची प्रयोगशाळा, मग कंपनीत डाउनस्ट्रीम आणि त्यानंतर बराच काळ अ‍ॅनालिटिकल. तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करूनच लिहिते.

आधी थेट उत्तर. क्यूसीची जागा घे. डाउनस्ट्रीमची जागा मिळाली नाही म्हणून नाइलाजाने घे असे मी म्हणत नाही. चांगला प्युरिफिकेशन सायंटिस्ट व्हायचे असेल तर सुरुवात मोजमापाच्या टेबलावरून झालेली बरी, असे माझे ठाम मत आहे. कारण सांगायला जरा जागा लागेल, आणि त्यातच तुझ्या यंत्राच्या शंकेचेही उत्तर आहे.

यंत्र काय करते ते बघ. पंप ठरलेल्या वेगाने बफर (पीएच राखणारा द्रव) कॉलममधून, म्हणजे प्रोटीन धरणारे रेझिनचे मणी भरलेल्या नळीतून, ढकलतो, व्हॉल्व्ह फिरतात, सोडवणाऱ्या पदार्थाचे प्रमाण चढत जाऊन ग्रेडियंट बनतो, बाहेर येणारे हिस्से, म्हणजे फ्रॅक्शन, नळ्यांत पडतात आणि पडद्यावर एक रेघ चढते-उतरते. ती रेघ एवढेच सांगते की या क्षणी २८० नॅनोमीटरचा प्रकाश कशाने तरी शोषला. कशाने, ते सांगत नाही. हिस-टॅग, म्हणजे निकेलला धरणारी हिस्टिडिनची शेपटी, लावलेले प्रोटीन निकेलच्या कॉलमवर धरून २५० मिलिमोलर इमिडाझोलने सोडवताना इमिडाझोल स्वतःच २८०ला शोषते, त्यामुळे ग्रेडियंट चढला की बेसलाइनही चढते. मुले त्या चढाला प्रोटीन समजून फ्रॅक्शन गोळा करत बसतात. डीएनएचे शोषण २६०ला सर्वाधिक असले तरी २८०लाही भरपूर असते, म्हणून पेशी फोडून काढलेल्या लायसेटमध्ये २८०च्या आकड्यावर विसंबून प्रोटीन मोजले तर फसगत ठरलेली.

मग मुले ब्रॅडफोर्डकडे, म्हणजे रंगावरून प्रोटीन मोजण्याच्या पद्धतीकडे, वळतात. १९७६पासूनची ही पद्धत सोपी आणि झटपट आहे, मीही ती कायम वापरली. पण तिचा रंग मुख्यतः आर्जिनिनसारख्या अमिनो आम्लांवर येतो, सगळ्या प्रोटीनवर सारखा येत नाही. बीएसएचा (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनचा) स्टँडर्ड लावून अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंड, मोजलीस तर आकडा खऱ्याच्या जवळपास निम्मा येतो. प्युरिफिकेशन उत्तम झालेले असते आणि कागदावर अर्धे प्रोटीन गायब दिसते. यात कॉलमचा काही दोष नाही, आणि कॉलम बदलून ते सुधारणारही नाही. शुद्ध अँटिबॉडीसाठी २८०चाच आकडा बरा: १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरला साधारण १.४. म्हणजे एकच मोजमाप एका नमुन्यात दगा देते आणि दुसऱ्यात सर्वांत भरवशाचे ठरते. कुठे काय चालते ते यंत्राला कळत नाही.

आता तुझ्या डेझर्टेशनकडे येऊ. प्युरिफिकेशन टेबल, म्हणजे दर टप्प्याला किती प्रोटीन आणि किती एंझाइम उरले त्याचा तक्ता, तू नक्की केले असशील, सगळेच करतात. पण त्या तक्त्याचा बहुतेक ठिकाणी अर्धाच उपयोग होतो. एक उदाहरण घेऊन दाखवते, आकडे सोयीसाठी धरलेले आहेत.

समजा लायसेट ५०० मिलिलिटर आहे. त्यात एकूण प्रोटीन ५,००० मिलिग्रॅम आणि एकूण अ‍ॅक्टिव्हिटी ५०,००० युनिट. स्पेसिफिक अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे दर मिलिग्रॅम प्रोटीनमागे एंझाइमचे युनिट, १०. अमोनियम सल्फेटने साका काढून, विरघळवून, डायलिसिसने मीठ काढल्यावर १,८०० मिलिग्रॅम आणि ४२,००० युनिट, म्हणजे साधारण २३. ते सगळे आयन एक्स्चेंज (विद्युतभारावरून प्रोटीन धरणाऱ्या) कॉलमवर घातले आणि मुख्य पूलमध्ये, म्हणजे एकत्र केलेल्या हव्या त्या फ्रॅक्शनमध्ये, २५० मिलिग्रॅम, ३०,००० युनिट मिळाले. स्पेसिफिक अ‍ॅक्टिव्हिटी १२०. बारा पट शुद्धी, साठ टक्के यील्ड. इथे मुले पेन खाली ठेवतात आणि गाइडही सही करतात.

माझा प्रश्न इथून सुरू होतो. कॉलमवर ४२,००० युनिट घातले, हातात ३०,००० आले. बाकीचे १२,००० कुठे गेले?

शोधायचे तर फ्लो-थ्रू (न बांधला जाता वाहून गेलेला द्रव), वॉश (कॉलम धुतलेला बफर) आणि शेवटचा जास्त मिठाचा स्ट्रिप (चिकटलेले उरलेसुरले काढणारा), तिन्ही राखून ठेवलेले हवेत आणि तिन्हींची अ‍ॅक्टिव्हिटी मोजलेली हवी. बेसिनमध्ये ओतून टाकले असतील तर प्रश्न तिथेच संपला. समजा फ्लो-थ्रूमध्ये ३,००० युनिट सापडले, वॉशमध्ये १,००० आणि स्ट्रिपमध्ये २,०००. झाले ६,०००. अजून ६,००० बेपत्ता.

आधी सापडलेल्यांचे बघू. फ्लो-थ्रूमधले ३,००० युनिट बांधले का गेले नाहीत? कॉलमची क्षमता संपली म्हणून, प्रवाहाचा वेग जास्त होता म्हणून, की एंझाइमचा तो भागच वेगळ्या रूपात होता म्हणून? ओळखायची रीत सोपी आहे. कॉलम स्वच्छ करून, सुरुवातीच्या बफरने पुन्हा इक्विलिब्रेट करून तोच फ्लो-थ्रू परत घालायचा. आता बांधला गेला तर ओव्हरलोड झाला होता किंवा वेग जास्त होता. याही वेळी तसाच वाहून गेला तर पीएच आणि कंडक्टिव्हिटी तपास, बहुधा डायलिसिस अपुरे झाले असेल आणि मीठ उरले असेल. तेही ठीक असेल तर मात्र मजेची गोष्ट हाती लागली आहे: तुझ्या एंझाइमची दोन रूपे आहेत आणि त्यांचा विद्युतभार वेगळा आहे.

बेपत्ता ६,०००चे अनेक रस्ते असू शकतात. कॉलमवर एंझाइम मेले. विरळ झाल्यावर टिकले नाही. त्याला लागणारा धातूचा आयन कॉलमने हिसकावला. प्रोटीन तोडणाऱ्या प्रोटिएझने खाल्ले. किंवा एंझाइम अगदी ठणठणीत आहे, पण पूलमधल्या मिठामुळे अ‍ॅसेच, म्हणजे मोजण्याची चाचणीच, मंदावला आहे. हा शेवटचा रस्ता आधी तपासायचा, कारण त्याला फक्त पंधरा मिनिटे लागतात: मूळ नमुन्यात तेवढेच मीठ मिसळून अ‍ॅसे लावायचा. आकडा खाली आला तर सगळा तक्ता नव्याने मांडावा लागेल, पण एंझाइम वाचलेले असेल.

उलटेही घडते. पूल, फ्लो-थ्रू, वॉश सगळे मिळून ४२,०००ऐवजी ५५,००० युनिट भरतात. नवखी मुले हे मोजण्यातली चूक म्हणून खोडून टाकतात. खोडू नये. लायसेटमध्ये एखादा इनहिबिटर, म्हणजे एंझाइमला रोखणारा पदार्थ, होता आणि कॉलमने तो वेगळा केला, असे बरेचदा असते. म्हणजे तुझ्या पहिल्या ओळीतले ५०,०००च मुळात कमी होते.

हा जमाखर्च मांडणे, हे माझ्या मते या क्षेत्रातले खरे कौशल्य. कॉलम पॅक करणे, पीक कापणे, ग्रेडियंट बसवणे हे हाताने होत जाते. पण दर टप्प्याला प्रोटीन कुठे किती गेले याचा ताळा जो लावतो त्यालाच पुढचा प्रयोग कोणता करायचा ते कळते. कारखान्यात हाच ताळा पैशांत उतरतो. चार टप्पे, प्रत्येकी ९० टक्के यील्ड, तर शेवटी हातात ६५.६ टक्के. पाच टप्पे आणि प्रत्येकी ८० टक्के असेल तर ३३ टक्क्यांहूनही कमी. एखादा टप्पा सुधारण्यापेक्षा तो अजिबात नसला तर चालेल का, हा विचार म्हणूनच आधी करायचा असतो.

मुंबईच्या प्रयोगशाळांत वारंवार दिसणारी एक गोष्ट इथेच सांगते, कारण तिच्यात महिने वाया जातात. ट्रिस बफर. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत, ३२ अंशांना, ट्रिसचा पीएच ८.० लावायचा आणि तोच बफर कोल्डरूममध्ये ४ अंशांना कॉलमवर चालवायचा. ट्रिसचा पीएच तापमान एक अंश उतरले की साधारण ०.०२८ने चढतो. २८ अंशांचा फरक म्हणजे पाऊण युनिटहून जास्त. बाटलीवर ८.०, कॉलममध्ये ८.८च्या आसपास. प्रोटीनचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला त्याचा एकूण विद्युतभार शून्य असतो तो) ८.३ असेल तर जे क्यू, म्हणजे ऋणभाराचे प्रोटीन धरणाऱ्या, कॉलमवर बांधले जायलाच नको ते आता बांधले जाते. आणि जानेवारीत एसी चालू असताना केलेला प्रयोग जमतो, मे महिन्यातला जमत नाही, मग सगळे रेझिनच्या लॉटला दोष देतात. पीएच मीटरवरचे तापमान कॉम्पेन्सेशन इलेक्ट्रोडचा उतार दुरुस्त करते, बफरचा पीएच बदलण्याचे थांबवत नाही. ज्या तापमानाला कॉलम चालणार त्याच तापमानाला पीएच लावायचा. फॉस्फेटला हा त्रास फारच कमी.

प्युरिफिकेशन म्हटले की तुझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे कॉलमच येतो, त्याबद्दलही थोडे बोलू. सर्पदंशावरचे औषध घे, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटशी मुंबईकर ज्याचे नाव जोडतात ते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष थोड्या थोड्या मात्रेत घोड्याला टोचून त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार करतात. मग त्या प्लाझ्मातून प्रतिपिंडे वेगळी काढायची. त्यासाठी पेप्सिन या एंझाइमने प्रतिपिंडाचा एफसी नावाचा तुकडा कापून टाकतात, अमोनियम सल्फेटने टप्प्याटप्प्याने साका काढतात, गाळतात. दुसरी वाट कॅप्रिलिक आम्लाची: ते बाकीच्या प्रोटीनचा साका करते आणि हवे ते इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंड, द्रवातच राहते. हवे ते खाली बसवून वर काढण्यापेक्षा नको ते बसवून टाकणे प्रोटीनला मानवते, अ‍ॅग्रिगेट, म्हणजे प्रोटीनच्या गुठळ्या, कमी होतात. हे साध्या टाकीत आणि फिल्टरवर होणारे काम लाखो जीव वाचवत आले आहे. महागडा रेझिन नाही म्हणून काम अडले असे कोणी म्हणाले की मला हेच आठवते.

परळचाच आणखी एक प्रसंग या धंद्यातल्या प्रत्येकाने नीट माहीत करून घ्यावा. जीवाणुशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन १८९६च्या ऑक्टोबरमध्ये प्लेगच्या साथीसाठी मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात तात्पुरत्या जागेत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा उभी राहिली, तीच १९२५पासून हाफकिन इन्स्टिट्यूट. पण मधे १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली आणि त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. एकोणीसच्या एकोणीस जणांना एकाच बाटलीतून लस दिली होती, ५३-एन क्रमांकाची. बनवण्याच्या पद्धतीत तेव्हा बदल केलेला होता, कार्बोलिक आम्ल घालणे बंद केले होते, म्हणून सारा ठपका परळवर आला आणि हाफकिनना पद सोडावे लागले. प्रत्यक्षात गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि धड निर्जंतुक न करता तोच वापरला गेला होता. त्यांना निर्दोष ठरवायला १९०७ साल उजाडले.

मी हे वाचते तेव्हा मला दोन गोष्टी जाणवतात. बाटलीला क्रमांक होता आणि कोणती बाटली कोणाला गेली याची नोंद होती, म्हणून गुंता सुटू शकला. आणि पद्धतीतला बदल निर्धोक आहे हे आधीच मोजून, लिहून ठेवलेले असते तर एका माणसाची उमेदीची वर्षे गेली नसती. आज आपण ज्याला बॅच रेकॉर्ड, चेंज कंट्रोल, कंपॅरेबिलिटी म्हणतो आणि ज्याला नवी मुले कारकुनी म्हणून नाके मुरडतात, ते यासाठी असते.

आता क्यूसी तुला काय शिकवेल ते बघू. मोनोक्लोनल अँटिबॉडीचे, म्हणजे एकाच साच्याच्या अँटिबॉडीच्या औषधाचे, ठरावीक काम घे. पेशी वाढवून, गाळून मिळालेला द्रव प्रोटीन-ए कॉलमवर जातो. हे प्रोटीन स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचे, ते अँटिबॉडीच्या एफसी भागाला धरते. साडेतीनच्या आसपास पीएच आणून सोडवतात आणि विषाणू मारण्यासाठी त्याच आम्लात साधारण तासभर ठेवतात. मग कॅटायन आणि अ‍ॅनायन एक्स्चेंज, विषाणू गाळणारा फिल्टर आणि शेवटी यूएफ-डीएफ (गाळून घट्ट करणे आणि बफर बदलणे). पाठ्यपुस्तकात एवढेच असते.

पण या प्रत्येक टप्प्याला खाली कोणीतरी नमुना घेऊन बसलेले असते. अ‍ॅग्रिगेट किती ते रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या साइझ एक्स्क्लूजनच्या एचपीएलसी यंत्रावर. इथेच पहिला सापळा आहे. काही अ‍ॅग्रिगेट कॉलमच्या मण्यांना चिकटून बसतात, बाहेरच येत नाहीत. रिपोर्टवर ९९.५ टक्के मोनोमर, म्हणजे सुटा रेणू, झळकतो आणि सगळे खूश. म्हणून टक्का बघायच्या आधी पीकचे एकूण क्षेत्रफळ बघायचे: जेवढे प्रोटीन टोचले तेवढे बाहेर आले का? पुन्हा तोच जमाखर्च. मोबाइल फेजमधले मीठ किंवा आर्जिनिन बदलून बघितले की लपलेले अ‍ॅग्रिगेट पुष्कळदा वर येतात.

होस्ट सेल प्रोटीन, म्हणजे पेशीचीच उरलेली प्रोटीन, एलायझा या अँटिबॉडीवर चालणाऱ्या चाचणीने मोजतात. १ मिलिग्रॅम औषधात १०० नॅनोग्रॅमच्या खाली, म्हणजे १०० पीपीएमच्या खाली, हा धंद्यात रूढ झालेला मापदंड. पण एलायझातली अँटिबॉडी जी प्रोटीन ओळखते तीच मोजली जातात. म्हणून एकच नमुना दोनपट, चारपट, आठपट विरळ करून बघायचा. गुणून काढलेला आकडा प्रत्येक वेळी चढतच गेला तर समज, एखादे प्रोटीन इतके जास्त आहे की त्याला पकडणारी अँटिबॉडी पुरत नाही. शून्याजवळचा देखणा आकडा दिसला की आधी विरळ करून बघावे, मग आनंद मानावा.

एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातले विष, मोजणाऱ्या एलएएल चाचणीतही असेच आहे: पॉलिसॉर्बेट आणि सायट्रेट किंवा फॉस्फेट एकत्र असलेल्या फॉर्म्युलेशनमध्ये एंडोटॉक्सिन झाकले जाते, असते पण मोजले जात नाही. उरलेल्या डीएनएसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एका डोसला १० नॅनोग्रॅम. चार्ज व्हेरिएंट (वेगळ्या विद्युतभाराची रूपे), ग्लायकन (प्रोटीनला जोडलेल्या साखरा), बायोअ‍ॅसे हे सगळे तू तिथे शिकशीलच.

हे आकडे कुठे चकवतात हे ज्याला कळते, तो उद्या डाउनस्ट्रीमला गेला की पीक कुठे कापायचे हा निर्णय वेगळ्या नजरेने घेतो. कॅटायन एक्स्चेंजवर पीकच्या शेपटीकडे अ‍ॅग्रिगेट आणि बेसिक व्हेरिएंट गोळा होतात. शेपटी जरा लवकर कापली तर शुद्धता वाढते, यील्ड घटतो. यंत्राला तू सांगशील त्या शोषणावर ते कापून देईल. कोणता आकडा सांगायचा ते ठरवायला प्रत्येक फ्रॅक्शनचे विश्लेषण हातात हवे आणि ते वाचता यायला हवे. तुझ्या शंकेचे माझे उत्तर हेच. यंत्रांनी माणसाचा हात सोडवला आहे, निर्णय अजून माणसाकडेच आहेत आणि पूर्वीपेक्षा जास्त आहेत. प्रकाशाच्या विखुरण्यावरून टाकीतच मोजणारा रामन प्रोब, ऑनलाइन एचपीएलसी, सलग चालणारे मल्टिकॉलम हे सगळे येते आहे. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने प्रक्रिया चालू असतानाच मोजण्याचे मार्गदर्शन २००४ सालीच दिले. पण रामनचे मॉडेल शिकवायचे तरी आधी खात्रीचा अ‍ॅसेच लागतो.

आणखी एक जागा सांगते जिथे विश्लेषण जाणणारी माणसे कमी पडतात: स्केल-अप, म्हणजे प्रयोगशाळेतले काम कारखान्याच्या आकारात नेणे. प्रयोगशाळेतला १ सेंटीमीटर व्यासाचा, २० सेंटीमीटर उंचीचा कॉलम म्हणजे जेमतेम १६ मिलिलिटर रेझिन. उंची तीच ठेवून व्यास ६० सेंटीमीटर केला की रेझिन ५६ लिटरच्या वर, ३,६०० पट. ताशी १५० सेंटीमीटरचा वेग दोन्हीकडे ठेवला तर द्रव कॉलममध्ये दोन्हीकडे ८ मिनिटेच राहतो, फक्त प्रवाह मिनिटाला २ मिलिलिटरऐवजी ताशी ४२० लिटरच्या वर जातो. कागदावर सगळे जुळते. प्रत्यक्षात मोठ्या कॉलमला भिंतीचा आधार मिळत नाही, रेझिन दबतो, प्रेशर चढते. आणि त्याहून फसवे म्हणजे वेळ. प्रयोगशाळेत आम्लातला पूल तू पाच मिनिटांत न्यूट्रल करतेस. कारखान्यात तोच पूल जमायला, ढवळायला, नमुना पाठवायला, पीएचची खात्री करायला तास जातात आणि तेवढ्यात अ‍ॅग्रिगेट वाढतात. कॉलमच्या क्रोमॅटोग्राममध्ये याचा मागमूस नसतो. हे पकडायचे तर छोट्या पूललाच मुद्दाम सहा तास, बारा तास, चोवीस तास आम्लात ठेवून दर वेळी एचपीएलसीवर बघावे लागते. हा प्रयोग सुचतो कोणाला? ज्याने अ‍ॅग्रिगेटचे आकडे स्वतः मोजले आहेत त्याला.

पीएचडीबद्दल थोडक्यात. गाइड सांगतात म्हणून करू नकोस, आणि पदनामात सायंटिस्ट लागावे म्हणूनही नको. एखादा प्रश्न डोक्यातून जाईनासा झाला तर कर. दोन-तीन वर्षे कंपनीत घालवलीस तर असा प्रश्न बहुधा तुझा तुलाच सापडेल. मुंबईत राहून हे शिकायची सोय चांगली आहे: माटुंग्याची आयसीटी ही रासायनिक तंत्रज्ञान संस्था, जी जुन्या लोकांच्या तोंडी अजून यूडीसीटीच आहे, तिथे बायोप्रोसेस टेक्नॉलॉजीत एमटेक आहे. पवईला आयआयटीत बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग आणि केमिकल हे दोन्ही विभाग आहेत. तू एमएस्सीची आहेस, म्हणून केमिकल इंजिनिअरिंगचे मास ट्रान्स्फर, म्हणजे पदार्थ एकीकडून दुसरीकडे कसा सरकतो त्याचे गणित, तेवढे कुठून तरी शिकून घे. जीवशास्त्रातून आलेल्या आम्हा सगळ्यांची ती दुखरी नस आहे. सीएसआयआर-नेट, गेट, डीबीटीची बीईटी यांपैकी एखादी परीक्षा नोकरी करता करताही देता येते. वाट बंद होत नाही.

क्यूसीतल्या कंटाळ्याचेही खरे सांगते. तीच चाचणी, तेच फॉर्म, प्रत्येक खाडाखोडीवर सही आणि तारीख. डोंबिवलीहून ठाणे आणि तिथून ट्रान्स-हार्बर पकडून रबाळे-घणसोलीकडचा रोजचा प्रवास, वर शिफ्ट. पहिल्या सहा महिन्यांत वाटेल की आपण शिकलो काय आणि करतोय काय. तो काळ काढायचा एक मार्ग आहे. तुझ्यापुढे येणारा प्रत्येक नमुना प्रोसेसच्या कोणत्या टप्प्यावरचा आहे ते विचारून घ्यायचे आणि आकडा लावायच्या आधी मनात अंदाज बांधायचा. अंदाज हुकला की का हुकला ते डाउनस्ट्रीमच्या माणसाला जेवणाच्या सुट्टीत विचारायचे. चांगली माणसे आनंदाने सांगतात, कारण त्यांच्या कामात रस घेणारे क्यूसीवाले त्यांनाही क्वचितच भेटतात.

एका बाबतीत मात्र हट्ट धर. मुलाखतीत शेवटी तुला काही विचारायचे आहे का म्हणतील, तेव्हा तीन गोष्टी विचार. मेथड व्हॅलिडेशन, म्हणजे चाचणीची पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध करणे, याच गटात होते का? तयार मालाबरोबर इन-प्रोसेस, म्हणजे मधल्या टप्प्यांवरचे, नमुनेही तुमच्याकडे येतात का? स्पेसिफिकेशनबाहेरचा निकाल आला की त्याच्या चौकशीत बसायला नव्या माणसाला मिळते का? तिन्हींची उत्तरे नकारार्थी आली तर ती जागा नुसती बटणे दाबण्याची आहे आणि तिथे वर्षभरापेक्षा जास्त राहू नये. एकाचे जरी उत्तर होकारार्थी आले तरी जा.

आणि तोवर डेझर्टेशन संपायला वेळ आहे, तर आयन एक्स्चेंजचा कॉलम आणखी एकदा चालव. फ्लो-थ्रू, वॉश, स्ट्रिप काहीही फेकू नकोस. सगळ्यांची अ‍ॅक्टिव्हिटी आणि प्रोटीन एकाच दिवशी, एकाच स्टँडर्डवर मोज आणि तक्त्यात जमाखर्चाची एक ओळ वाढव. ताळा जुळला नाही तरी तो तक्ता मुलाखतीला घेऊन जा. आमच्यासारखे लोक समोर बसलेले असतील तर निम्मा वेळ त्या एका ओळीवरच बोलतील.